निजामाचा दस्तार, ब्रिटनचे आकाश

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो. स्टालिनग्राडला लाखो माणसे मेली, इंफाळ-कोहिमाला आपले जवान झुंजले. तरी इंग्रज माणूस अभिमानाने सांगतो ती १९४० मधली विमानांचीच लढाई. असे काय होते तिच्यात? एका उन्हाळ्यातली आकाशातली चकमक साऱ्या देशाच्या चिवटपणाची खूण कशी झाली?

हा प्रश्न नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यातल्या माणसाने विचारला, तर उत्तराचा एक भाग त्याच्या घराजवळचा आहे. त्या लढाईत उतरलेल्या दोन तुकड्यांच्या नावातच ‘हैदराबाद’ होते, आणि नळदुर्ग तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. आठ वर्षांनी या भागावर लढाऊ विमाने आली ती मात्र निजामाविरुद्ध. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रतीक कसे घडते, आणि कसे घडत नाही, हे चांगले उमगते.

१. लढाई होती तरी कसली?

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. जर्मनी आणि ब्रिटन यांच्यामध्ये उरली फक्त इंग्लिश खाडी, सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद. ती ओलांडून सैन्य उतरवायचे तर आधी आकाश ताब्यात हवे, नाहीतर वरून बाँब टाकून सगळी जहाजे बुडवली जाणार. म्हणून हिटलरने आधी विमानदल पाठवले. इंग्रजांच्या हिशेबाने ही लढाई १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० अशी चालली. ब्रिटिश बाजूने २,९०० हून अधिक वैमानिक आणि विमानातले इतर सैनिक तीत उडाले. त्यांतले ५४४ लढाईतच गेले.

जर्मन विमाने संख्येने जास्त होती. मग ब्रिटन टिकले कसे? ज्वारी हुरड्यात आली की पाखरांपासून राखण करायला शेतात माळा घालतात. माळ्यावरचा राखणदार गोफण घेऊन रानभर धावत सुटत नाही. थवा कोणत्या बांधाकडून येतोय ते उंचावरून हेरतो आणि दगड नेमका तिकडेच भिरकावतो. ब्रिटनने हेच केले. किनाऱ्यावर उंच मनोऱ्यांची रडार केंद्रे होती. ती समुद्रावरून येणारी विमाने लांबूनच टिपत. विमाने किनारा ओलांडून जमिनीवरून उडू लागली की दुर्बिणी घेऊन बसलेले स्वयंसेवक त्यांची संख्या आणि दिशा टेलिफोनने कळवत. सगळ्या बातम्या एका खोलीत जमत, तिथे मोठ्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर गणवेशातल्या तरुणी खुणा सरकवत, आणि मग जिथे गरज तिथेच विमाने उडत. त्यामुळे वैमानिकांना दिवसभर आभाळात घिरट्या घालून पेट्रोल जाळावे आणि जीव दमवावा लागत नव्हता. ही सारी घडी बसवली ती लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी. त्यांचे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१५ सप्टेंबरला जर्मनांनी लंडनवर दिवसाढवळ्या दोन प्रचंड हल्ले केले आणि दोन्ही परतवले गेले. १७ सप्टेंबरला हिटलरने ब्रिटनवर उतरण्याचा बेत बेमुदत पुढे ढकलला.

लढाईची हकिगत एवढीच. पण एवढ्याने प्रतीक होत नाही. जिंकलेल्या आणि विसरलेल्या लढायांनी इतिहास भरलेला आहे.

२. डोळ्यांदेखत

पहिले कारण असे की ही लढाई लोकांच्या डोक्यावर झाली. पायदळाची लढाई दूर कुठेतरी होते. घरी कळते ती तारेने किंवा वर्तमानपत्राने. इथे केंट आणि ससेक्स परगण्यांतले शेतकरी हातातले काम थांबवून वर पाहत होते. निळ्या आभाळात पांढऱ्या धुराच्या गाठी पडत होत्या, जळते विमान शेजारच्या शेतात कोसळत होते, पोरे त्याचे तुकडे गोळा करत होती.

ज्यांना दिसत नव्हते त्यांच्यापर्यंत रेडिओ पोचला. १४ जुलै १९४० रोजी बीबीसीचे वार्ताहर चार्ल्स गार्डनर डोव्हरच्या कड्यावर उभे होते. खाली जहाजांचा ताफा, वर दोन्हीकडची विमाने. त्यांनी एखाद्या सामन्याचे धावते वर्णन करावे तसे उत्साहाने वर्णन केले. एक विमान पडले, पॅराशूट उघडले, आणि पडला तो जर्मन, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात तो ब्रिटिश वैमानिक होता. जबर जखमी झालेला तो तरुण दुसऱ्या दिवशी वारला. माणसे मरत असताना खेळासारखे बोलता, म्हणून तेव्हाही अनेकांनी आक्षेप घेतला. पण लाखो घरांत ते वर्णन ऐकले गेले, आणि ऐकणाऱ्याला वाटले की आपणही त्या कड्यावर उभे होतो.

मग ७ सप्टेंबरपासून लंडनवर रात्रंदिवस बाँब पडू लागले. पुढच्या मे महिन्यापर्यंत ब्रिटनच्या शहरांत मिळून ४० हजारांहून अधिक नागरिक मेले. आता लढणारा आणि पाहणारा हा भेदच उरला नाही. रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटावर झोपून सकाळी कामावर जाणारी टाइपिस्टही त्या लढाईत होती. ‘देश टिकला’ म्हणताना लोकांच्या मनात वैमानिकाइतकीच ती होती. माझ्या मते साऱ्या प्रतीकाचे मूळ इथे आहे: ज्या लढाईत सामान्य माणसाला स्वतःची जागा सापडते, तीच त्याच्या नातवंडांपर्यंत जाते.

सरकारला हे नीट कळले होते. १९४० च्या जुलैत विमानांसाठी ॲल्युमिनियम हवे म्हणून घराघरांतून भांडी मागवली गेली. बायकांनी पातेली, तवे, किटल्या आणून ढीग घातले. त्यांतले फारच थोडे विमानाच्या कामी आले. पण ज्या घरातले पातेले गेले, त्या घराला आभाळातले प्रत्येक विमान आपले वाटू लागले. तीच गोष्ट वर्गणीची. एका स्पिटफायर विमानाची किंमत ५,००० पौंड असे जाहीर झाले. खरी किंमत याहून बरीच जास्त होती, पण आकडा सुटसुटीत होता. गावे, कारखाने, शाळा वर्गणी काढू लागल्या. पाच हजार पौंड जमवणाऱ्या गावाचे नाव विमानावर रंगवले जाई.

३. वर्गणी कोणाची, नाव कोणाचे

वर्गणी फक्त ब्रिटनमध्ये जमली नाही. ती साम्राज्यभर जमली, आणि त्यात आपल्या संस्थानिकांचा हात सढळ होता. सर्वांत पुढे हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान. पहिल्या महायुद्धातच त्यांनी एका अख्ख्या स्क्वॉड्रनसाठी, म्हणजे हवाई तुकडीसाठी, विमाने दिली होती. ती ११० क्रमांकाची ‘हैदराबाद’ स्क्वॉड्रन. दुसऱ्या महायुद्धात निजामाच्या देणगीवरून आणखी दोन तुकड्यांना हैदराबादचे नाव मिळाले. १५२ क्रमांकाची तुकडी स्पिटफायर उडवत होती. १९४० च्या जुलैत ती डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावर आली आणि पोर्टलंडच्या नौदल तळाची राखण करू लागली. २५३ क्रमांकाची ‘हैदराबाद स्टेट’ तुकडी हरिकेन विमानांची. ऑगस्टअखेर ती लंडनच्या दक्षिणेला केनली तळावर, ऐन धुमश्चक्रीत उतरली. १५२ च्या बोधचिन्हावर निजामाचा दस्तार, म्हणजे पगडी, आहे. खाली ब्रीदवाक्य ‘एकनिष्ठ मित्र’ अशा अर्थाचे. इंग्रजांनी निजामाला दिलेला किताबच तो.

आता एक छोटा हिशेब करू. त्या काळी एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. पाच हजार पौंडांचे साधारण ६६,७०० रुपये झाले, तेही कलदार, इंग्रजी. हैदराबादेत चालत होता हाली शिक्का, आणि सहा कलदार म्हणजे सात हाली. तेव्हा जाहीर किमतीने धरले तरी एक विमान पडले सुमारे ७७,८०० हाली रुपयांना.

हा पैसा आला कुठून? निजाम त्या काळी जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणले जात, पण त्या श्रीमंतीचा पाया होता जमीन महसूल आणि जकात. धाराशीव जिल्ह्याला तेव्हा त्यांचेच नाव होते, उस्मानाबाद. त्याआधी तर जिल्हा नळदुर्गच्या नावाने ओळखला जाई. बोरी नदीच्या काठचा कुणबी सारा भरत होता, सोलापूरच्या बाजारातून माल आणणारा व्यापारी सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, भरत होता. त्यांतला कोणता रुपया कोणत्या विमानात गेला हे कोणी सांगू शकणार नाही. पण भरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते, हे नक्की. केंटच्या बाईने पातेले आपल्या हाताने दिले. नळदुर्गच्या शेतकऱ्याला आपण काही दिले याचा पत्ताही नव्हता.

त्याच वर्षांत हैदराबाद संस्थानात काय चालले होते तेही पाहा. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि कॉलेजांतून काढले. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. जिथे जबाबदार राज्यपद्धती मागणे गुन्हा होता, तिथला पैसा दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य राखायला चालला होता. हिटलर हरायला हवा होता, यात मला शंका नाही. त्या पैशाने चांगलेच काम झाले. पण देणारा म्हणून इतिहासात नाव राहिले ते दस्तार घालणाऱ्याचे. सारा भरणाऱ्याचे नाही.

४. आकडा, नाव आणि गाळलेले

लोकांनी पाहिले, लोकांनी दिले; तरी प्रतीकाला घाट द्यावा लागतो. इथे नावाचे महत्त्व मोठे. चर्चिल यांनी १८ जून १९४० रोजी पार्लमेंटमध्ये सांगितले की फ्रान्सची लढाई संपली, आता ब्रिटनची लढाई सुरू होईल. म्हणजे लढाई सुरू होण्याच्या तीन आठवडे आधीच तिला नाव मिळाले होते. विमानदलाची नव्हे, सरकारचीही नव्हे, ब्रिटनची लढाई.

मग आकडे. १५ सप्टेंबरला शत्रूची १८५ विमाने पाडली असे जाहीर झाले. युद्धानंतर जर्मन कागद तपासले तेव्हा खरा आकडा साठाच्या आसपास निघाला. यात सगळा खोटेपणा नव्हता. समजा एका जर्मन बाँबर विमानावर तीन वैमानिकांनी पाठोपाठ गोळ्या झाडल्या. पहिल्याने धूर निघताना पाहिला, दुसऱ्याने ते कलताना पाहिले, तिसऱ्याने ते ढगात शिरताना पाहिले. तिघेही तळावर येऊन प्रामाणिकपणे ‘एक पाडले’ असे सांगतात. वहीत तीन, जमिनीवर एक. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाताना, मागे शत्रू असताना, कोण थांबून मोजणार? सरकारनेही खोलात जाऊन तपासले नाही, कारण त्या दिवशी लोकांना १८५ ची गरज होती.

पुढच्या वर्षी, मार्च १९४१ मध्ये, ब्रिटनच्या हवाई खात्याने या लढाईवर छोटी पुस्तिका काढली. काही पेन्सना मिळणारी ही पुस्तिका लाखोंनी खपली. पुष्कळांच्या मनातली लढाई म्हणजे हीच पुस्तिका. आणि तिच्यात डाउडिंग यांचे नावच नव्हते! ज्यांनी ती राखणीची घडी बसवली त्यांना नोव्हेंबर १९४० मध्येच बाजूला सारले होते. चर्चिलनाही ते नाव गाळलेले रुचले नाही.

असे बरेच काही गाळले गेले. पाडलेल्या विमानांत मोठा वाटा हरिकेनचा होता, पण देखण्या स्पिटफायरने लोकांचे मन जिंकले. दर पाच वैमानिकांतला एक ब्रिटनबाहेरचा होता. एकट्या पोलंडचे १४५ होते, आणि त्यांची ३०३ क्रमांकाची तुकडी सर्वांत यशस्वी तुकड्यांत गणली जाते. युद्ध संपल्यावर त्यांच्या देशावर सोव्हिएत पकड बसली आणि बहुतेकांना घरी परतता आले नाही. ब्रिटनच्या गोष्टीत पोलिश माणसे ठळकपणे यायला कित्येक दशके लागली.

५. हलवारा, ६ सप्टेंबर १९६५

एकाच लढाईतून एका देशाला प्रतीक मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, असेही होते. भारत-पाकिस्तान युद्धात ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानची तीन सेबर विमाने पंजाबातल्या हलवारा तळावर आली. आपली हंटर विमाने गस्तीवर होती. त्यांतले एक चालवत होते प्रकाश सदाशिवराव पिंगळे. त्यांचे विमान पडले, पण ते पॅराशूटने सुखरूप उतरले. दुसरे हंटर चालवणारे वैमानिक गांधीही तसेच उतरले. तीनपैकी दोन सेबर परत गेली नाहीत. त्या हल्ल्याचे नेते सर्फराज रफिकी मारले गेले.

पाकिस्तानात रफिकी घराघरांत पोचले. शोरकोटचा हवाई तळ त्यांच्या नावाने ओळखला जातो, ६ आणि ७ सप्टेंबर हे दिवस तिथे दरवर्षी साजरे होतात. पिंगळे त्याच महिन्यात पुन्हा विमानात बसले आणि १६ सप्टेंबरला त्यांनी एक सेबर पाडले. मराठी घरांत त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे? आपला हवाई दल दिन ८ ऑक्टोबर, तो १९३२ च्या स्थापनेचा. कोणत्याही लढाईचा नाही. ज्या दिवसाला दरवर्षी ध्वज चढतो, त्या दिवसाची गोष्ट जगते.

६. नळदुर्गवर विमाने आली तेव्हा

आता १९४८. निजामाला भारतापासून वेगळे राहायचे होते. मूळचा वकील असलेला, लातूरचा कासिम रझवी याच्या रझाकार नावाच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी गावोगाव दहशत बसवली होती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हैदराबादकडे लढाऊ विमाने नव्हती. शस्त्रे मात्र विमानांनी येत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री-अपरात्री मोठ्या विमानांतून बंदुका आणि दारूगोळा आणून उतरवत होता. हाच कॉटन १९३९-४० मध्ये ब्रिटनसाठी जर्मनीची हवाई छायाचित्रे काढण्यात अग्रेसर होता.

१३ सप्टेंबर १९४८, पहाटे चार. सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांचे भारतीय सैन्य सरहद्द ओलांडून निघाले. हैदराबादच्या रस्त्यावर पहिला अडसर नळदुर्ग: किल्ला, त्याला वळसा घालून जाणारी बोरी नदी आणि नदीवरचा पूल. तो पूल उडवला असता तर रणगाडे अडकले असते. सातव्या ब्रिगेडने झडप घालून तो धडधाकट ताब्यात घेतला. दुसऱ्या शीख पलटणीची पुढची प्लाटून हवालदार बचित्तरसिंग यांची होती. समोरून येणाऱ्या दोन गाड्यांवर धाव घेऊन त्यांनी त्या माणसांसकट पकडल्या. मग किल्ल्याजवळच्या ठाण्यावरून मशीनगन सुरू झाली. त्यांच्या मांडीत गोळ्या घुसल्या. ते सरपटत पुढे गेले, दोन हातबाँब टाकून ती मशीनगन बंद पाडली, मागे न्यायला आलेल्यांना नकार दिला आणि आपल्या माणसांना हिंमत देत राहिले. त्यातच ते गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते या सन्मानाच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी.

नऊच्या सुमाराला सैन्य जळकोटला पोचले. दुसऱ्या दिवशी उमरग्यापुढे राजेश्वरच्या वाटेवर हैदराबादी सैनिक दबा धरून बसल्याचे दिसले, तेव्हा पुण्याहून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांनी वाट मोकळी केली. टेम्पेस्ट ही हॉकर कंपनीची, म्हणजे हरिकेनच्याच घराण्यातली. आठ वर्षांपूर्वी त्या घराण्याची विमाने निजामाच्या नावाने उडाली होती. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली.

या लढाईचे ब्रिटनसारखे प्रतीक का झाले नाही? ती पाच दिवसांत संपली, हे एक. सरकारने तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटले. जगाला ते सोयीचे होते, पण पोलीस कारवाईचा पोवाडा कोण गाणार? शिवाय मराठवाड्याने खरा चिवटपणा दाखवला तो त्याआधीची दहा वर्षे: तुरुंगात, सरहद्दीवरच्या छावण्यांत, रझाकारांच्या वाटेवरच्या गावांत. म्हणून आपण १७ सप्टेंबरला ‘मुक्तिसंग्राम दिन’ म्हणतो ते योग्यच आहे.

आणखी एक कारण आहे, आणि ते टाळून पुढे जाणे मला पटत नाही. कारवाईनंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीने मृतांचा ढोबळ अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव लिहिले. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. एकाच घटनेत एका घराची सुटका आणि शेजारच्या घराचा आकांत असेल, तर तिची एकसुरी गोष्ट होत नाही, आणि करूही नये. ब्रिटनची गोष्ट सरळ वाटते, कारण तिथला शत्रू खाडीपलीकडचा होता.

ब्रिटनने आपल्या लढाईच्या आठवणी साठवल्या: वैमानिकांच्या वह्या, बायकांची पत्रे, नकाशावर खुणा सरकवणाऱ्या मुलींचे अनुभव. म्हणूनच १८५ चा आकडा पुढे दुरुस्त करता आला आणि डाउडिंग यांचे नाव परत आणता आले. नळदुर्ग, जळकोट, उमरग्यात १९४८ साली दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीकडे झुकले आहेत. तुमच्या घरात, शेजारी, मोहल्ल्यात असे कोणी असेल तर बसून ऐका आणि लिहून ठेवा; हिंदूंचे आणि मुसलमानांचेही, सुटलेल्यांचे आणि पोळलेल्यांचेही. आणि नळदुर्गच्या शिक्षकांना एक विनंती: दरवर्षी १३ सप्टेंबरला वर्गात हवालदार बचित्तरसिंग यांची गोष्ट मुलांना सांगा.